बाईंचा खांदा

वहिनींना यंदा नाताळचा खरा अर्थ सापडला आणि तेव्हापासून घरात कुणाला स्वस्थता म्हणून मिळाली नाही. गेल्या वर्षीपर्यंत त्यांच्या भेटवस्तू सोनेरी कागदात, साटीनच्या फिती बांधून निघायच्या. यंदा कुठलंसं व्याख्यान ऐकून आल्या आणि सांगत सुटल्या, दिखावा सोडा, घरातलं जुनंपानं वापरा, प्रेम द्या. प्रेमावर बांधायला रंगीत सुतळी, वाळलेली फुलं आणि लाखेचे शिक्के मात्र दुकानातून आणले. साधेपणाला सामान लागतंच.

त्यांची नणंद मागच्या खोलीत बायकांचे कपडे शिवायची. वहिनी तिला वन्सं म्हणायच्या, त्यामुळे मुलंही वन्सं म्हणायला लागली आणि पुढे गिऱ्हाइकंही. सणाच्या तोंडावर वन्संना मान वर करायला फुरसत नसे. त्यामुळे वहिनींची काटकसर त्यांनी पाहिली ती थेट नाताळच्या सकाळी.

"छान दिसतायत हं पुडकी," चहाचा कप घेऊन नाताळच्या झाडाजवळ येत त्या म्हणाल्या. आणि थबकल्या. भावाच्या, म्हणजे दादाच्या पुडक्यावर, सुतळीच्या गाठीशेजारी, निळ्या खडूची वळणदार रेघ होती. मुंढ्याची, बाही जोडायच्या जागेची रेघ. त्यांच्याच हातची.

"वहिनी, हा खाकी कागद कुठला?"

"तुमच्याच दाराआडचा! खिळ्याला नुसता टांगलेला. वन्सं टाकायचा म्हणतायतच, म्हटलं."

"मी कधी म्हणाले?"

"म्हणाला नाहीत, पण म्हणायला हवं होतं."

ती गिऱ्हाइकांच्या मापाची, कपडा बेतायची कागदी कटिंगं होती. बाकीच्या बायकांना बोलावून पुन्हा मापं घेता आली असती. पण त्यात शाळेच्या जुन्या बाई होत्या. बाईंची पाठ वाकलेली, डावा खांदा उतरता. तयार कपडा त्यांच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा दिसे. कितीदा उसवून, किती वर्षांनी ते कटिंग बाईंच्या अंगाचं झालं होतं. आता बाई अंथरुणाला खिळलेल्या, मापाला उभं राहणं संपलं होतं. पण कुणी भेटायला आलं, की जाकीट घालून उशीला टेकून बसायच्या. "ढगळ गाउनात पडायला मी काय पेशंट आहे?" म्हणायच्या. ते जाकीट कोपरांवर विरलं होतं. नव्याचं कापड वन्संच्या मशीनवर पडून होतं.

"रीळभर नवा कागद आणून देते की!" वहिनी म्हणाल्या.

"कागद नकोय. त्यातल्या बाई हव्यात."

"अगं, सणाच्या दिवशी कशाला?" दादा मध्ये पडला. "नाताळ म्हणजे क्षमा."

"तू गप्प बस. तुझ्या पुडक्यावर बाईंची पाठ आहे."

मुलं फाडायला सरसावलीच होती. "खबरदार, कुणी हात लावला तर!" वन्संनी कात्री आणली आणि एकेक पुडकं स्वतः सोडवलं. आतल्या मोज्यांकडे, अत्तरांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. जेवणाच्या टेबलावरच्या मेणबत्त्या बाजूला सारून त्यांनी बाईंची पाठ, बाही, गळा मांडला. डावा खांदा मिळेना.

"उरलेल्या तुकड्यांची मी फुलं कापली," वहिनी पुटपुटल्या. "दारावरच्या माळेला."

माळ खाली आली. वन्सं पाकळीला पाकळी लावून टाचण्या टोचू लागल्या.

"पाहुणे येतील, वन्सं. ताटं कुठे मांडू?"

"हातात द्या. साधेपणाच करायचाय ना?"

वहिनींचा आता बांध फुटला. "एवढ्याशा कागदासाठी सगळ्यांचा विरस! देणं हाच नाताळचा खरा अर्थ, आणि तुम्ही दिलेलं काढून घेताय!"

"द्यायला ते तुमचं होतं?"

मुलांसमोर असं वहिनींना या घरात कुणी विचारलं नव्हतं.

खांदा जुळत आला. पण जिथे तो उतरायचा, नेमकी तिथलीच जागा रिकामी राहिली.

"इथलं फूल?"

"फादरांना पाठवलेल्या बाटलीवर लावलं."

"मग कोट घाला."

"आत्ता? नाताळची उपासना आटोपून देवळातून आत्ताशी घरी आले असतील ते! दाराशी माणसांची ही गर्दी असेल!"

"असू दे. मागायचं तुम्ही. मी नुसती शेजारी उभी राहीन."

दादा काही बोलणार होता. वन्संच्या हातातल्या कात्रीकडे पाहून त्याने वहिनींचा कोट आणून दिला.