नेऱ्याच्या माळावरची धावपट्टी

निषाद अमेरिकेला गेला तेव्हा सहा महिन्यांत परत येतो म्हणाला होता. कंपनीने ते सहा महिने वाढवले, मग पुन्हा वाढवले. त्याची बायको उत्कर्षा हिंजवडीला नोकरी करत होती आणि दोघांनी मिळून नेऱ्यात घेतलेल्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती. माहेर वाशीमला, सासर अकोल्याला. इथे ऑफिसबाहेर ओळखीचं कुणी नव्हतं. आठवडा कसाबसा जायचा. रविवारी मात्र घर खायला उठायचं.

२००६ च्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. डोक्यावरून घरघर करत एक भलामोठा पंख गेला. त्याच्याखाली तीन चाकांचा सांगाडा लटकत होता आणि त्यात पुढेमागे दोन माणसं उघड्यावर बसली होती. मागच्याने हात हलवला. उत्कर्षाने हातातला ओला टॉवेलच हलवला. पुढच्या रविवारी तो पंख जिकडे उतरताना दिसला, तिकडे ती स्कूटी घेऊन निघाली.

गावापलीकडच्या माळावर मुरुमाची धावपट्टी होती, एक पत्र्याची शेड आणि वाऱ्याची दिशा दाखवायला काठीवर फडफडणारी कापडी पिशवी. हवाई दलातून निवृत्त झालेल्या शरदचंद्रांनी चार मित्रांना घेऊन हा उडायचा आणि उडायला शिकवायचा उद्योग सुरू केला होता. कशाला आलीस, असं तिला कुणी विचारलं नाही. शेजारच्या रानातल्या साळूबाई तिथे चहा करायच्या आणि आपल्याच शेळ्या धावपट्टीवरून हाकलायच्या. त्यांनी तिच्या हातात कप दिला. तो संपल्यावर शरदचंद्र म्हणाले, "चल, एक चक्कर मारून येऊ."

जमीन सुटली तेव्हा तिने डोळे गच्च मिटले होते. उघडले तर नेरे तळहाताएवढं झालं होतं. हिंजवडीच्या काचेच्या इमारती, उसाची रानं, कासारसाई धरणाचं पाणी, आणि दूर पश्चिमेला एकामागे एक फिकट होत गेलेले डोंगर. थंड वारा तोंडावर आदळत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. गेलं वर्षभर छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटायचं, ते तिथे नव्हतं. उतरल्यावर ती शेडच्या सावलीत येऊन टेकली. मग शिकायला कधीपासून येऊ, असं विचारलं.

त्यानंतर तिचे रविवार माळावरच जाऊ लागले. त्या पंखाच्या विमानाला सुकाणू नव्हतं, नुसती आडवी दांडी. डावीकडे जायचं तर ती उजवीकडे ढकलायची, खाली जायचं तर आपल्याकडे ओढायची. सुरुवातीला सगळंच उलटं व्हायचं आणि मागच्या सीटवरून शरदचंद्र शांतपणे सावरून घ्यायचे. हळूहळू हात शहाणे झाले. वळणं जमली, चढणं जमलं. उतरणं मात्र काही केल्या जमेना. जमीन अगदी जवळ आली की दांडी पुढे ढकलून वेग कमी करायचा असतो; पण ती प्रत्येक वेळी फार वर असतानाच ढकलायची, विमान अधांतरी मंदावायचं आणि शरदचंद्रांना पुन्हा वेग द्यावा लागायचा.

एकदा शेडपाशी हेल्मेट काढताना ते म्हणाले, "हाताची चूक नाही तुझी. तुला खाली यायचंच नसतं."

खोटं नव्हतं ते.

माळावरून घरी आली की निषादचा फोन यायचा. तो तिथल्या थंडीबद्दल, स्वयंपाकाबद्दल, मॅनेजरबद्दल सांगायचा. ती ऑफिसबद्दल सांगायची. उडण्याबद्दल सांगायचं दर वेळी मनात यायचं आणि राहून जायचं. जानेवारीत तो म्हणाला, की आणखी तीन वर्षं तिथेच राहावं लागेल, तिने आता तिकडेच यावं. याच वाक्याची तिने किती वाट पाहिली होती. फोन ठेवल्यावर ती रडली आणि आपण कशासाठी रडतोय ते तिचं तिलाच कळेना.

व्हिसाची कामं सुरू झाली. एका रविवारी ती पोचली तेव्हा वाऱ्याची पिशवी ताठ झाली होती. साळूबाई म्हणाल्या, "आज न्हाई उडायचं. वारं लई हाय. बस हितं." ती बसली आणि आपण जाणार असल्याचं तिने पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

"मालक हायेत ना तितं? मग जायाचंच की," साळूबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "पर तुला हितलं सुटंना, व्हय?"

तिने मान डोलावली.

पुढच्या खेपेला हवा स्वच्छ होती. खाली येताना तिने पहिल्यांदाच धावपट्टीच्या टोकाकडे नीट पाहिलं. हे सोडून जायचंय, तर ते डोळे भरून पाहून तरी घ्यावं. जमीन वर आली, तिने ती येऊ दिली, आणि चाकं मुरुमावर अलगद टेकली. मागून शरदचंद्रांना काहीच सावरावं लागलं नाही. आणखी एक फेरी मारून ती उतरली, पुन्हा तसंच. मग पट्टीच्या कडेला शरदचंद्रांनी थांबायला सांगितलं, पट्टा सोडला आणि ते खाली उतरले. "आता तू एकटी जा," एवढंच ते म्हणाले.

मागचं वजन नसल्याने विमान झपकन वर गेलं. त्या उंचीवर तिच्यासोबत कुणी नव्हतं, आणि तरीही घरात वाटायचं तसं एकटं वाटलं नाही. फेरी पुरी करून ती नीट उतरली.

त्या दिवशी तिने निषादला सगळं सांगितलं.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू इथे असतास तर मी त्या माळावर गेलेच नसते. हे तुला कसं सांगू, कळत नव्हतं."

"आणि आता? येतेस ना?"

"येते," ती म्हणाली. तिला खरंच जायचं होतं.

मार्चमध्ये ती गेली. निषाद विमानतळावर दाराशीच उभा होता, बारीक झाला होता. दोघांना एकमेकांचा हात सोडवेना. घरी जाताना हमरस्त्यालगत एक छोटी धावपट्टी लागली. बर्फाखाली ती जेमतेम ओळखू येत होती आणि कडेची छोटी विमानं झाकून ठेवलेली होती. निषादने न सांगता गाडी हळू केली.

"थांबू का?"

"आत्ता नको," ती म्हणाली. पण धावपट्टी मागे पडून दिसेनाशी होईपर्यंत ती मान वळवून बघत राहिली. निषादने वेग वाढवला नाही.