वरून वजन, खालून हात

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारी मुलं हमखास माझ्यावर मांड ठोकतात. त्यांना मी लाकडी घोडा वाटतो. चार बुटके पाय, पाठीच्या मध्यावर एक गोल भोक आणि वरून पुढे आलेला लांब दांडा. त्यांचं चुकत नाही, पण मी घोडा नाही. देवबागच्या एका चिऱ्याच्या घरातला, शिरवाळे पाडायचा जुना साचा आहे मी.

तुमच्यापैकी कुणी शिरवाळे खाल्ले नसतील तर सांगतो. तांदळाच्या पिठाची उकड मळून तिचे उंडे करतात आणि ते उकळत्या पाण्यात सोडतात. उंडा शिजून वर तरंगला की गरमागरम उचलून माझ्या भोकात घालायचा आणि दांडा दाबायचा. खालच्या पितळी चाळणीतून पांढऱ्याशुभ्र शेवया ताटात उतरतात. त्यांवर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस ओततात. फक्त एक आहे, उंडा निवता कामा नये. निवलेला उंडा माझ्यातून जात नाही, मग भीम आला तरी.

गावातल्या सुताराने, परशुराम मेस्तांनी, मला वादळात पडलेल्या एका फणसाच्या लाकडातून घडवलं. सुकवलं, तासलं, खोबरेल तेल पाजलं. एकाने दांडा दाबावा आणि एकाने खाली ताट फिरवत राहावं, असा त्यांनी माझा घाट ठेवला. त्यामुळे माझ्या भोवती कधी एकटं माणूस बसलं नाही. माझ्या आयुष्यात जितके शिरवाळे पडले, तितक्याच गप्पाही पडल्या.

दीपिका या घरात सून म्हणून आली तो श्रावण मला आठवतो. गावातल्या शाळेत ती शिकवायची. तिचा नवरा धनेश आणि ती एकाच कॉलेजात होती, म्हणून ती त्याला नावानेच हाक मारायची. यावरून धनेशची मोठी बहीण अक्का आधी नाक मुरडायची, आणि मग तीच सगळ्यांत जास्त हसायची. अक्का दोन घरं पलीकडे राहते. तिची जीभ कोयत्यासारखी आहे, पण त्या कोयत्याने ती नारळच फोडते, माणसं नाही.

"जोर लाव गो मास्तरणी! ह्यो दांडो आसा, खडू नाय."

"लावतंय, अक्का. तुमी ताट फिरवा, नायतर सगळे शिरवाळे एकाच जाग्यार पडतले."

अशी आमची वर्षं गेली. धनेशने घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या. उतरलेले पाहुणे माझे फोटो काढत, माझ्या दांड्यावरून हात फिरवत. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. दीपिकाला ऋता झाली. ऋता रांगत माझ्या पायांशी यायची आणि चाळणीतून लोंबणारी शेवई ओढून तोंडात घालायची.

मग एके दिवशी शाळेत फळ्यासमोर दीपिकाच्या हातातून खडू पडला. दुसऱ्या दिवशीही पडला. मग ब्लाउजची बटणं लागेनात. मग जिना चढताना पाय जड वाटू लागले. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, की स्नायू हळूहळू शक्ती सोडत जाणारा हा आजार आहे, तो पुढेच जाणार, किती वेगाने ते सांगता येत नाही. आणि जपायचं.

घरातल्या सगळ्यांनी त्यातला एकच शब्द घट्ट धरला. जपायचं.

दीपिकाला स्वतःपेक्षा ऋताची धास्ती. हा आजार मुलीकडे जाणारा नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. पण आईचं मन कागदावरच्या अक्षरांवर विसावत नाही. एकदा ऋताच्या हातातून स्टीलचा पेला पडला, तर दीपिकाचा चेहरा पिठासारखा झाला. "बाय, परत उचल बघू," ती म्हणाली. ऋताने उचलला. "आणि एकदा." ऋताने हसत हसत पुन्हा उचलला, तिला तो खेळ वाटला. दीपिका मात्र तिच्या एकेका बोटाकडे बघत होती.

त्याच वर्षी माझ्या हातून ते घडलं. हात म्हणजे माझा दांडा. दीपिकाची पकड सुटली, दांडा उसळला, बाजूच्या टोपाला लागला आणि उकळतं पाणी तिच्या पावलावर सांडलं. धनेशने तिला उचलून न्हाणीत नेलं. परत आला तो माझ्याकडे न बघता. मला सुंभाने बांधलं आणि माळ्यावर चढवलं. फोड आठ दिवसांत गेले. मी माळ्यावरच राहिलो.

माळ्यावर माणसाला काय वाटत असेल ठाऊक नाही, लाकडाला स्वप्नं पडतात. देवबाग म्हणजे वाळूची एक चिंचोळी जीभ. माझ्या एका बाजूला समुद्र आपटायचा आणि दुसऱ्या बाजूला खाडी हलकेच चुळबुळायची. दुपारी कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे माझ्या पाठीवर येऊन बसायचे. मला वाटायचं, मी पुन्हा फणस झालो आहे आणि मला पानं फुटली आहेत. मग खालून दीपिकाचा आवाज यायचा आणि मी पुन्हा साचा व्हायचो. फळ्यांच्या फटीतून मला मागीलदार, म्हणजे घरामागचं अंगण, दिसायचं. तिची खुर्ची तिथेच असायची.

तिथे बसून ती आनंद वेचायला शिकली होती. पारिजातक वेचावा तसा, खाली वाकून, एकेक. डोळे मिटून होड्यांच्या इंजिनांचे आवाज ऐकायची आणि ऋताला सांगायची, "ही मुनीरभायची होडी. खोकता बघ कशी." ऋता तिची वेणी घालायची, तेव्हा मांजरासारखी मान वाकडी करायची. माडाच्या झावळीची सावली भिंतीवरून कुठवर सरकली, यावरून किती वाजले ते ओळखायची. चुकली तर स्वतःलाच शून्य गुण द्यायची. अशा वेळी या घरात आजार आहे, हे माझ्यासुद्धा लक्षात राहायचं नाही.

पण एकेक काम तिच्या हातून जात होतं. सगळीच आजाराने नेली नाहीत, मित्रांनो. काही माणसांनी नेली. तिला भाजी निवडता यायची, सावकाश. पण धनेश सूप उचलून न्यायचा. "तू हलू नको. काय व्हया ता माका सांग." तिला कपड्यांच्या घड्या जमायच्या, वाकड्या का होईना. ऋता धावत येऊन त्या सरळ करायची. सगळं मायेने. एका दुपारी अक्का डोकावली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गो दीपिका, तुका काय देव्हाऱ्यात बसयल्यानी? आता फुला घालूची काय?"

दीपिका हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "अक्का, माझ्याच घरात मी पावणी झालंय."

अक्काने कमरेवरचे हात खाली घेतले.

श्रावण आला. पर्यटक नव्हते, त्यांना फिरवायची धनेशची होडी ओढून माडाखाली ठेवली होती, तो दिवसभर घरी असायचा. ऋताला दहावं लागणार होतं. काय हवं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "शिरवाळे." धनेशने मालवणच्या बाजारातून तयार शिरवाळ्यांची पिशवी आणली. वाढदिवसाच्या सकाळी ती पिशवी ओट्यावर होती. दीपिका तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"धनेश, साचो खाली काढ."

"नाय."

"आज आपल्या चेडवाक, ऋताक, मी शिरवाळे घालतलंय."

"माका परत ता बघूचा नाय, दीपिका. तुझ्या पायार पाणी पडला तेव्हा..."

"तुका बघूचा नाय, म्हणान मी करूचाच नाय?" ती ओरडली नाही. फळ्यावरचं गणित समजावत असावी, तशी बोलत होती. "पुढच्या श्रावणात खांदे माझा ऐकतले काय? तुका म्हायत आसा? माका नाय. म्हणान आज."

"तुझे हात..."

"हात थकले. पण वजन खंय गेला? दोन वर्षां बसवन बसवन खावक घातलास माका. ता तरी कामाक येवंदे!"

अक्का खोबरं किसायला आली होती. ती अशी खदखदून हसली, की खोबऱ्याची वाटी तिच्या हातून निसटली. धनेश हसला नाही. पण तो शिडी घेऊन आला.

मला उतरवलं, धुतलं, उन्हात सुकवलं. माझ्या चाळणीवर हिरवा थर चढला होता, ऋताने तो चिंचेने घासला. चूल या वेळी माझ्यापासून चार हात लांब ठेवली. ते दीपिकानेच सांगितलं. अक्काने उंडे उकळत्या पाण्यात सोडले. दीपिकाची खुर्ची माझ्याजवळ आणली. बोटांनी दांडा धरायचा नाही, असं तिने आधीच ठरवलं होतं. दोन्ही हात कोपरापर्यंत दांड्यावर आडवे टाकले आणि छाती पुढे झुकवली. ऋता ताट घेऊन खाली बसली. धनेश दांड्याच्या टोकाशी उभा राहिला. "नुसतो उभो ऱ्हवतंय," तो म्हणाला.

पहिला उंडा माझ्यात आला. कितीतरी दिवसांनी पोटात ऊब आली! दीपिका झुकली.

काहीच उतरलं नाही.

ती आणखी झुकली. तिच्या मानेची शीर ताठली. चाळणीच्या भोकांतून पिठाचे नुसते ठिपके डोकावले. "माझ्यात तेवढीसुद्धा..." ती पुटपुटली आणि तिचे डोळे भरले. उंडा निवत चालला होता.

मित्रांनो, काय चाललं होतं ते तेव्हा एकट्या मला कळत होतं. वरून तिचं सगळं वजन माझ्या दांड्यावर येत होतं. आणि खालून धनेशचा हात तोच दांडा उचलून धरत होता. पुन्हा उसळेल, पुन्हा भाजेल, या भीतीने. आपण असं करतो आहोत हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. दोन जिवांचं एकमेकांवरचं प्रेम माझ्या दोन्ही बाजूंनी जोर लावत होतं आणि मध्ये उंडा थंड होत होता. मला ओरडायचं होतं. लाकडाला ओरडता येत नाही, मी नुसता करकरलो.

ऋता खाली ताटाशी होती. तिने आवाजाच्या दिशेने वर पाहिलं.

"बाबा! तुमचो हात!"

"काय?"

"खालसून हात लावलास तुमी. आई खाली दाबता, तुमी वर उचलतास. शिरवाळे कसे पडतले?"

धनेशने आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. दीपिकानेही पाहिलं. अक्का म्हणाली, "मेल्या, काढ तो हात. बायलेक जपतंस की भाजयतंस?"

त्याने हात काढला. सोपं नव्हतं ते. काढलेला हात कुठे ठेवावा हे त्याला कळेना, शेवटी त्याने तो खिशात घातला.

निवलेला उंडा अक्काने खरवडून काढला आणि नवा घातला. दीपिकाने डोळे पुसले नाहीत. हात आडवे टाकून ती झुकली, आणि माझ्यातून पांढरे धागे उतरू लागले. सावकाश, पण न तुटता. ऋता ताट फिरवत होती. वाफ दीपिकाच्या चेहऱ्याभोवती दाटली आणि त्या वाफेत ती तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती. चार उंड्यांचे शिरवाळे तिने पाडले. पाचव्याला थांबली, दम घेतला आणि स्वतःच म्हणाली, "पुरे. आता धनेश, तू ये." तो आला. मग तिने त्याला जोर लावण्यावरून इतके टोमणे मारले, की अक्कालाही तिची जीभ परवडली नसती.

आजार थांबला नाही, मित्रांनो. तुम्हाला गोड खोटं सांगून काय मिळवू? पुढच्या श्रावणापर्यंत तिचे खांदे खरोखरच थकले. आता ती दांड्यावर झुकत नाही. टोपातला उंडा कधी काढायचा, ते खुर्चीतून सांगते आणि तिचं कधी चुकत नाही. मला माळ्यावर कुणी पाठवलं नाही. मी मागीलदारीच असतो. सुट्टीच्या दिवशी ऋता माझ्यावर बसून अभ्यास करते आणि महिन्यातून एकदा मला तेल लावते. लाकूड कोरडं पडलं की चिरतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

आणखी एक बदललं. रोज सकाळी चहाच्या वेळी धनेश विचारतो, "आज काय तुझा, काय माझा?" मग दीपिका सांगते. कधी वाटाणे सोलणं तिचं असतं. कधी ऋताचं पाठांतर घेणं. कधी नुसतं, अक्काशी भांडणं.

म्हणून तुम्हाला विनवतो. तुमच्याही घरी कुणाचे हात थकले असतील, कुणाची पावलं अडखळत असतील. त्यांच्याजवळ जरूर राहा. पण हात लावण्याआधी विचारा, तो कुठे हवा आहे. आणि नको म्हणाले तर काढून घ्या, खिशात घालावा लागला तरी चालेल.

आज सकाळी दीपिकाला उत्तर द्यायला वेळ लागला. अलीकडे शब्दही तिच्या ओठांवर सावकाश येतात. चहा निवत होता, पण कुणी तिचं वाक्य पुरं करायला धावलं नाही.

"आज..." ती म्हणाली, "माका खळ्यात माडाखाली न्हे."

"आणि मगे?"

"मगे तुमी सगळी आपापल्या कामाक जावा. माका एकटीक बसानदे."

धनेशने ऋताकडे पाहिलं, ऋताने अक्काकडे. तिला एकटीला सोडणं, याच्याइतकं जड काम या घरात दुसरं नाही. खुर्ची माझ्यासमोरच, अंगणातल्या माडाखाली नेली. पदर सारखा केला.

आणि मित्रांनो, तिघंही गेली. एकदाही मागे न बघता. खाडीवरून वारा आला, आणि दीपिकाने डोळे मिटून चेहरा वर केला.