सहीचा माणूस

अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीत बसून लव्हॉनला अठरा वर्षं झाली होती. रोज तेच तेच सांगून तिची जीभ झिजली होती. ऑगस्टात टायरच्या दुकानात काम करणारी ब्रेना आली, तेव्हाही तिने तेच सांगितलं.

"चोवीस पूर्ण होईपर्यंत अर्जावर आईची किंवा बापाची सही लागते."

"आई गेली, मिस लव्हॉन. आणि बाप सहा वर्षं झाली माझा फोन उचलत नाही. माझं पोट मीच भरते."

"मला पटतं गं. नियमाला पटत नाही. चोवीसची हो, नाहीतर लग्न कर."

हे ती सगळ्यांनाच म्हणायची. कुणी हसायचं, कुणी शिव्या घालून निघून जायचं. ब्रेना दोन्ही न करता निघून गेली.

जानेवारीत ती परत आली आणि तिने खिडकीतून लग्नाचा दाखला आत सरकवला.

"केलं. दुकानातल्याच डस्टिनशी, जेवणाच्या सुट्टीत, कोर्टात जाऊन. आता बापाची सही नको ना?"

लव्हॉनने चष्मा काढून डोळे चोळले. अठरा वर्षांत तिचं बोलणं कुणी इतकं मनावर घेतलं नव्हतं.

"बापाची नको," ती हळूच म्हणाली. "आता नवऱ्याची लागते."

ब्रेनाने दाखल्याची घडी घातली.

"तो नाताळातच निघून गेला," ती म्हणाली. "तोही फोन उचलत नाही."