मर्टलचा चहाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना, काळाठिक्कर, बुडाशी गळका चहाचा डबा आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण माझी गोष्ट काही हसण्यासारखी नाही.

मुळात मी पाकाचा डबा. पाक संपला तेव्हा मर्टलनं मला राखेनं लख्ख घासलं, काठाला दोन भोकं पाडली, तारेची कडी ओवली आणि चुलीवर टांगलं. ऑस्ट्रेलियातल्या मरंबिजी नदीकाठच्या आमच्या मूळनिवाशांच्या वस्तीत दर घरापुढं माझा एखादा भाऊबंद उकळत असायचाच. पण मर्टलच्या हातचा चहा प्यायला चार घरं टाकून माणसं यायची. त्या दिवसांत माझा तोरा काही विचारू नका!

मर्टल आणि तिची बहीण युना चुलीपाशी बसून विराजुरीत, आमच्या मूळ भाषेत, बोलायच्या, तेही अगदी हळू. पोरं जवळ आली की लगेच इंग्रजी सुरू. वस्तीवर सरकारनं नेमलेल्या गोऱ्या मॅनेजरला आमची भाषा खपत नसे. पोरांच्या तोंडून एखादा शब्द निसटला तर सरकारी माणसं पोरंच उचलून नेतील, ही धास्ती आयांच्या पोटात कायम होती. म्हणून ज्यांना द्यायची त्यांच्यापासूनच त्यांनी ती भाषा लपवली. डब्यापासून मात्र कोण कशाला काय लपवेल? मी सगळं ऐकलं, सगळं शिकलो.

मर्टलला एकच मुलगी, डल्सी. सहा वर्षांची, भारी बडबडी. पाव चहात बुडवायची आणि तो विरघळला की गळा काढायची. एका सकाळी वेल्फेअरची, म्हणजे पोरं नेणाऱ्या सरकारी खात्याची, गाडी आली आणि दोन माणसांनी तिला उचलून आत घातलं. मर्टल गाडीमागं अनवाणी धावली. जीव घाबरला की माणूस आपल्याच भाषेत ओरडतं. ती एकच शब्द ओरडत होती, "गुवायू! गुवायू!" म्हणजे थोड्या वेळानं भेटू. आमच्याकडं निरोप घेताना असंच म्हणतात. तुम्ही घरातून निघताना 'जाते' न म्हणता 'येते' म्हणता ना, तसंच ते. चुलीवर मी उतू जात होतो आणि निखारे विझत होते, पण त्या दिवशी चहा कुणी प्यायलाच नाही.

पुढं वस्ती मोडली. सगळ्यांना गावात घरं मिळाली, युनाही गेली. मर्टल मात्र नदीवरून हलायला तयार होईना.

"अगं, एकटी मरशील इथं!" युना चिडायची.

"आणि पोर आली म्हणजे? कुठं शोधेल मला?" मर्टल म्हणायची, आणि माझ्याखाली आणखी एक लाकूड सारायची.

पोर आली नाही. मर्टल म्हातारी झाली आणि एका हिवाळ्यात गेली. मी युनाच्या घराच्या ओट्याखाली जाऊन पडलो. कुणी माझ्यात खिळे टाकले, पुढं ते खिळेही गंजले. तेव्हा फार वाईट वाटायचं हो. एवढी भाषा पोटात, आणि वर झाकण म्हणून एक फुटकं कौल!

मग युनाच्या नातीनं, लेटिशानं मला बाहेर काढलं. ही पोरगी मोठेपणी, हट्टानं विराजुरी शिकलेली. गावातल्या हॉलमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी ती वर्ग घेऊ लागली. लहान पोरं आणि मोठी माणसं एकाच खोलीत. मी टेबलावर, पोटात पेन्सिली. आमच्यात 'हो'ला 'ङावा' म्हणतात. पोरं धडाधड म्हणायची. मोठ्यांची जीभ मात्र त्या पहिल्याच अक्षरावर घसरायची, आणि पोरं त्यांची खुशाल टर उडवायची.

एका मंगळवारी एक म्हातारी आली. अंगातला कोट न काढता मागच्या खुर्चीवर बसली. "मी नुसती ऐकायला आलेय," म्हणाली.

त्या दिवशी 'विराय' हा शब्द निघाला. रॉनीकाका खुशीत ओरडले, "हे तर आमच्या आजीच्या कुत्र्याचं नाव!"

"काका, विराय म्हणजे 'नाही'," लेटिशा म्हणाली.

"म्हणजे आजी त्याला हाक मारत नव्हती?"

"दटावत होती हो!"

"अरे देवा! आणि आम्ही जन्मभर त्याला 'नाही, नाही' करत जेवायला बोलावलं!"

हॉल हसून हसून लोळला. म्हातारीही हसली. मग वर्ग सुटला आणि पोरं एका सुरात ओरडली, "गुवायू!"

म्हातारीनं पुढची खुर्ची घट्ट धरली. "काय म्हणाली पोरं?"

"गुवायू. म्हणजे थोड्या वेळानं भेटू. काय झालं मावशी? पाणी देऊ का तुम्हाला?"

"माझी आई मला 'गो अवे, यू' म्हणाली होती," म्हातारी म्हणाली. "चालती हो, असं. गाडीमागं पळत पळत ओरडत होती. मी सहा वर्षांची होते. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं."

लेटिशानं हळूच विचारलं, "आईचं नाव काय तुमच्या?"

"मर्टल."

लेटिशा तिच्यापुढं गुडघ्यांवर बसली. "मावशी, अगं, तू डल्सी? माझ्या आजीच्या बहिणीची डल्सी? ती नदीवरून हलली नाही गं तुझ्यासाठी."

"मी आले होते एकदा," डल्सी म्हणाली. "तरणी होते तेव्हा. बसनं आले, पुलावर उभी राहिले. काठावर एकाच ठिकाणी धूर होता. लोक म्हणाले, तिथंच राहते मर्टल. पण जिनं हाकललं तिच्या दारात कसं जायचं? परतीच्या बसनं गेले."

मित्रांनो, त्या धुराखाली मी होतो. मर्टल माझ्यात चहा टाकत होती. त्यानंतरही ती कितीतरी वर्षं जगली.

आता डल्सी दर मंगळवारी येते. कोट काढून पुढं बसते. 'ङावा' तर अस्सा म्हणते की पोरं टाळ्या वाजवतात. वर्ग सुटताना सगळे एकमेकांचा निरोप घेतात, तेव्हा मात्र तिचे ओठ नुसतेच हलतात. आवाज फुटत नाही. लेटिशाही आग्रह धरत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस कधी तुम्हाला न कळणारा शब्द बोललं, तर हसून सोडून देऊ नका. 'म्हणजे काय?' असं विचारा, ते माणूस आहे तोवर विचारा. मला त्या शब्दाचा अर्थ सगळा वेळ ठाऊक होता. पण मी पडलो डबा, मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.