आईने न घेतलेलं नाव

बटणाला चार भोकं, त्यातलं एक बुजलेलं... सुई पुन्हा पुन्हा तिथेच अडत होती आणि निसटून बोटात शिरत होती. कापडावर खुणा करणारे मास्तर मान वर न करता म्हणाले, ‘‘बाई, बटण लावताय की टोचून बोलताय त्याला?’’ ती हसली. पण लेकीचा फोन आल्यापासून हात परके झाले होते. नात दहा दिवसांची. नावाचा कागद आज भरायचा. ‘‘आई, तुझंच नाव ठेवतेय. अर्थ पाहिला मी — अढळ राहणारी. पण तुझं ते ठेवलं कुणी गं?’’

‘‘हातातलं काम उरकते, मग सांगते.’’

कुणी ठेवलं... नाव वडिलांच्या पहिल्या बायकोचं, लग्नानंतर वर्षभरातच गेलेलीचं, हे तिला कळत्या वयापासून ठाऊक होतं. वडील दिवसातून वीसदा हाक मारणार — पाणी आण, चष्मा शोध — आणि हाकेच्या शेवटी त्यांचा आवाज उगाच मऊ होणार. आई मात्र जन्मभर ‘अगं’, ‘बाळ’, फार तर ‘कारटे’. सोळाव्या वर्षी ती आईला फाडकन बोलली होती, ‘‘सवतीचं नाव म्हणून माझ्यावर राग काढतेस.’’ आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ‘‘तोंडात बसत नाही गं, एवढंच,’’ म्हणाली आणि हसली. त्या हसण्याची चीड तिने पुढे कितीतरी वर्षं जपली — अगदी उराशी धरून.

आई गेल्यावर मावशीने सांगितलं. ‘‘नाव तुझ्या आईनेच ठेवलं, वेडे. तुझे वडील पहिलीबद्दल मूग गिळून बसायचे. ती म्हणाली, निदान मोठ्याने हाक मारता येईल त्यांना, चोरून आठवायला नको.’’

‘‘आणि ती स्वतः?’’

‘‘स्वतः कशी घेणार गं? माणूसच ना ती.’’

रोज सकाळी देवापुढे हात जोडून ती आईची माफी मागते. पण देवापुढे म्हटलेलं आईला पोचतं का...

फोन पुन्हा वाजला. ‘‘सांगतेस ना, आई?’’ सांगावं? दहा दिवसांच्या जिवावर एवढं जुनं ओझं... ‘‘सांगते,’’ ती म्हणाली, आणि तेवढ्यात पलीकडे नात रडायला लागली. लेकीने फोन बाजूला ठेवला असावा. लांबून तिचा आवाज येत राहिला — नातीला तेच नाव घेऊन समजावत, हळू, लाडाने, पुन्हा पुन्हा, ओठांना जन्माची सवय असल्यासारखं.

आईच्या तोंडून ते नाव... साठीची बाई हातातलं काम सोडून शिलाईयंत्रांच्या मधोमध उभी राहिली. घशापर्यंत ओ आली होती — द्यावी की गिळावी, तिला कळेना.