पिवळी चिठ्ठी

मी रागीट आहे असं शाळेत सगळे म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. एकतीस वर्षं गणित शिकवून माणूस आणखी काय होणार? बजाजनगरमधल्या आमच्या शाळेचा मी पर्यवेक्षकही आहे. उशिरा येणारी पोरं, रजेचे अर्ज आणि बंद पडलेले पंखे, हा सगळा कारभार माझ्याकडे. त्यामुळे रत्नमाला बोर्डे मॅडम नववीसाठी आठवड्याचा एक जादा तास मागायला आल्या, तेव्हा मी काय तोंड केलं ते स्टाफला अजून आठवतं.

"कशाचा तास?" मी विचारलं.

"मोबाईलचा, सर."

"शाळेत मोबाईल आणायला बंदी आहे, मॅडम."

"म्हणूनच मागते, सर. घरी हातात असतो आणि शिकवायला कोणी नसतं."

ते खरंच होतं. आमच्याकडची निम्मी पोरं अशा घरातली, की आई-बाप दोघंही वाळूजच्या कंपन्यांत शिफ्टला. बऱ्याच कंपन्यांत फोन आत नेता येत नाही, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणून काही आया फोन घरी पोरांपाशीच ठेवून जातात. मी गुरुवारचा तास दिला, तोही जेवणानंतरचा, पोरं पेंगतात तेव्हाचा.

संगणक खोलीत अकरा यंत्रं, त्यातली चार चालू. मॅडमनी कुरकुर केली नाही. पोरांनी घरच्या फोनवर आलेला एखादा मेसेज वहीत उतरवून आणायचा आणि वर्गाने त्याची उलटतपासणी घ्यायची: हे कोणी लिहिलं, कधी, कुठे, आणि आपण पुढे पाठवलं तर कोणाचं काय होईल. फोटो असेल तर ज्याचा आहे त्याला विचारलं होतं का. मी व्हरांड्यातून जाताना ऐकायचो आणि मनात म्हणायचो, चालू द्या.

पहिल्याच तासाला त्यांनी जे केलं ते मात्र मला मुळीच पटलं नव्हतं. कॉलेजात असताना परीक्षेची तारीख बदलल्याचा एक मेसेज त्यांनी न तपासता हॉस्टेलच्या सगळ्या मुलींना पाठवला होता. तो खोटा निघाला. एका मुलीचा पेपर बुडाला आणि वर्ष गेलं. हे त्यांनी भर वर्गात सांगितलं. "तिच्या घरी जाऊन माफी मागायला मला आठ महिने लागले," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून माझा एक नियम आहे. चुकीचं काही पाठवलं तर ते जिथवर गेलं, तिथवर आपण स्वतः जायचं." शिक्षकाने पोरांसमोर असं स्वतःला खाली आणू नये, असं मी त्यांना स्टाफरूममध्ये सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या गुरुवारी वर्गात पुन्हा तेच सांगितलं.

गेल्या डिसेंबरातल्या एका गुरुवारची ही गोष्ट. दुपारी पावणेदोनला मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. आमच्याकडे एखादं पोर मध्येच घरी न्यायचं असेल तर पिवळी चिठ्ठी लागते. तिच्यावर मुलाचं नाव, नेणाऱ्याचं नाव, नातं आणि खाली माझी सही. अशी एक चिठ्ठी टेबलावर आली. पलीकडे कोणीतरी उभं होतं. मी मान वर केली नाही. सही ठोकली, चिठ्ठी सरकवली आणि पुढचा पेपर ओढला.

सव्वादोनला माझ्या कॉलनीच्या ग्रुपवर एक फोटो आला. धोतर-टोपीतला एक म्हातारा रडणाऱ्या लहान मुलीला घेऊन चाललेला. खाली लिहिलेलं: "मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे. सावध राहा." मुलीच्या अंगावर आमच्या शाळेचा गणवेश. माझं डोकं फिरलं. मी तो फोटो पालकांच्या सातही ग्रुपांवर टाकला आणि खाली लिहिलं, "पालकांनी दक्षता घ्यावी. शेजूळ सर." पाच मिनिटांत सत्तर-ऐंशी जणांनी हात जोडले. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

पावणेतीनला बोर्डे मॅडम दारात. "सर, दोन मिनिटं वर्गात येता का?"

संगणकाच्या पडद्यावर तोच फोटो मोठा करून लावला होता. मुलीच्या चेहऱ्यावर त्यांनी कागदाचा तुकडा चिकटवला होता. खालचं माझं नावही झाकलं होतं. हे त्यांनी माझ्यासाठी केलं होतं, हे मला कळायला थोडा वेळ लागला.

"सायली, सरांना सांग," त्या म्हणाल्या.

सायली दांडगे गणितात जेमतेम पास होणारी मुलगी. माझ्या तासाला तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ती उठली आणि पडद्यावर बोट ठेवून बोलू लागली.

"सर, ही भिंत आपल्या मागच्या गेटची. मंग शाळेतून कोणी पाठवल्याबिगर ते बाहेर आले नसतील. दुसरं, पळवणारा माणूस पोरीचं मनगट धरंल. इथं पोरीनंच त्यांचं बोट धरलंय. आन तिसरं, त्यांच्या दुसऱ्या हातात हे पिवळं हाय."

तिने तो कोपरा मोठा केला. अक्षरं फुटलेली होती, काही वाचता येत नव्हतं. पण खाली तिरकी, लांब शेपटीची सही होती. ती मी शंभर सह्यांत ओळखली असती. माझीच होती.

मी तिथल्या बाकावर बसलो. मॅडम म्हणाल्या, "सर, आता पुन्हा अंदाजानं नको. चिठ्ठीची दुसरी प्रत बघू." प्रत आणली. तनुजा गायके, पाचवी. ताप आहे. नेणारे सांडू गायके, आजोबा. वर्गशिक्षिकेने सांगितलं, तीन दिवसांपूर्वीच बिडकीनकडच्या गावाहून आलेत, मुलीचे आई-बाप दोघंही फस्ट शिफ्टला. घरी फोन नाही.

मी तडक फोन काढला आणि फोटो पुसायला लागलो.

"पुसू नका, सर," सायली म्हणाली. मग स्वतःच घाबरली. मॅडमनी तिला मानेने खुणावलं. "म्हणजे पुसा, पण नंतर. जो पुढं गेला तो नाय पुसला जात. आन लोक म्हणतेत, सरांनी काय तरी लपवलं." ती थांबली आणि घड्याळाकडे बघून म्हणाली, "सर, माझे पप्पा साडेतीनला सुटतेत. लॉकरमधून फोन काढला की पयले ग्रुप बघतेत. समदेच बघतेत."

तीन वाजायला दोन मिनिटं होती. साडेतीनला शेकडो थकलेली माणसं एकदम गेटवर फोन उघडणार, पोर पळवलं म्हणून वाचणार, खाली शेजूळ सरांचं नाव. आणि त्याच रस्त्यांवर कुठेतरी तो म्हातारा, बोटाला रडणारी पोर. त्या माणसाचं काय होऊ शकतं हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

मी घाईने लिहिलं, "सदर संदेशाकडे दुर्लक्ष करावे," आणि मॅडमना दाखवलं. त्यांनी तो वर्गाला वाचून दाखवला.

"यात कोण चुकलं ते नाय आलं," मागून एक मुलगा म्हणाला.

"आन लिहिलेलं कोणी वाचत नाय चालताना," सायली म्हणाली. "तुम्ही बोला, सर. तुमचा आवाज समदे ओळखतेत."

तीनदा बोललो. पहिल्यांदा भाषण झालं, दुसऱ्यांदा चूक कोणाची तेच राहून गेलं. तिसऱ्यांदा नीट आलं: "मी शेजूळ सर बोलतोय. दुपारी मी एक फोटो पाठवला. तो न तपासता पाठवला, चूक माझी आहे. फोटोतले बाबा त्या मुलीचे सख्खे आजोबा आहेत. मुलीला ताप आहे म्हणून ते तिला घरी नेताहेत आणि त्यांना परवानगी मीच सही करून दिली आहे. तो फोटो तुम्ही जिथे जिथे पाठवला असेल, तिथे तिथे हा आवाज पाठवा. आणि बाबा कुठे दिसले तर त्यांना घर दाखवा. ते इथे नवीन आहेत."

सातही ग्रुपांवर ते गेलं. पण पोरांचं तेवढ्यावर भागेना. तो फोटो आणखी कुठे गेला असेल, याची यादी त्यांनी फळ्यावर मांडली: कोणाच्या गल्लीचा ग्रुप, कोणाच्या पप्पांच्या कंपनीतल्या लाइनचा, कोणाच्या मावशीच्या भिशीचा. पुढे माणसांची नावं, आणि पाठ असलेले नंबर. फळ्यावर पोरं लिहीत होती आणि मी खाली बसून उतरवून घेत होतो, फोन लावत होतो. प्रत्येकाला तेच वाक्य सांगायचं, चूक माझी आहे. चौथ्या फोनपर्यंत जीभ अडखळत होती, नंतर सरावली.

तीन वीसला मॅडम म्हणाल्या, "चला सर, त्यांना शोधू." मी त्यांच्या स्कूटीवर मागे बसलो. एरवी मी असं कधी बसलो नसतो.

बजाजनगरच्या गल्ल्या एकीसारखी दुसरी. चौथ्या की पाचव्या गल्लीत पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर सांडूबाबा बसलेले दिसले. तनुजा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. समोर सात-आठ माणसं उभी. एक तरुण मोबाईल धरून शूटिंग करत होता, दुसरा विचारत होता, "कोन गाव? पोरगी कोनाची?" बाबा पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, "समद्या गल्ल्या सारख्याच हायेत हो. घर सापडंना."

आम्ही स्कूटी लावेपर्यंत एका बाईच्या फोनमधून माझा आवाज यायला लागला. "मी शेजूळ सर बोलतोय." स्वतःची माफी भर रस्त्यात परक्याच्या फोनमधून ऐकणं सोपं नसतं. पण मी ती शेवटपर्यंत ऐकली, कारण सगळेच ऐकत होते. ती संपली तेव्हा शूटिंग करणाऱ्या तरुणाने हात खाली घेतला. बाई घरात गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. प्रश्न विचारणाऱ्याने बाबांची पिशवी उचलली आणि म्हणाला, "चला, मी दावतो घर."

वाटेत सांडूबाबा मॅडमना म्हणाले, "लई चांगली मानसं हायेत बघा तुमच्या इथं. मी बसलो तसे दहा जणं गोळा झाले. पाणी दिलं, पिशवी धरली."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं.

पुढचे तीन दिवस माझं कौतुक चाललं होतं. सरांनी मोठ्या मनाने चूक मान्य केली वगैरे. मीही ते ऐकून घेत होतो. फोटो सगळ्या ग्रुपांतून पुसला होता. एक प्रत मात्र माझ्या फोनमध्ये राहिली होती, आणि ती का ठेवली ते मी स्वतःला विचारत नव्हतो.

सोमवारी सांडूबाबा तनुजाला सोडायला गेटवर आले. मी तिथेच उभा होतो. सायली जवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, एक जागा राहिली."

"कुठली?"

"ज्यांचा फोटो होता ते. ते कोणत्याच ग्रुपात नायेत."

माझ्यातला जुना शेजूळ सर उसळून वर आला. पण या मुलीला मी तीन वर्षांत शिकवलं नव्हतं इतकं तिने मला एका दुपारी शिकवलं होतं, आणि ती आता फक्त उजळणी घेत होती. मी बाबांना बाजूच्या कट्ट्यावर बसवलं, फोन काढला आणि सगळं सांगितलं. मान वर न करता केलेली सही, तो फोटो, खाली घातलेलं माझं नाव, सगळं.

त्यांनी फोन हातात घेतला आणि फोटो डोळ्यांजवळ धरला.

"म्हणून जमले व्हय ते समदे," ते म्हणाले. "मला वाटलं, पाणी द्यायला आले."

मी हात जोडले. ते माझ्या हातांकडे न बघता फोटोच बघत होते.

"मास्तर, तनुजाचा आन माझा दुसरा फोटो नाय," शेवटी ते म्हणाले. "हा एकच. आन ह्याच्यात ती रडतीया."

बोर्डे मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी आपला फोन सायलीच्या हातात दिला. सायली बाबांसमोर खाली बसली.

"आजोबा, तुमचा फोटो काढू का?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं, टोपी सारखी केली आणि नातीकडे बोट दाखवलं.

"तिलाबी इचार," ते म्हणाले.

सायलीने विचारलं. तनुजाने मान हलवली आणि आजोबांचं बोट धरलं. तो फोटो मी शहरातल्या गुलमंडीच्या बाजारात जाऊन छापून आणला आणि त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या कोणालाही पाठवला नाही.