लक्षद्वीपची फाईल

एकोणचाळीस वर्षं मी बालाघाटच्या कलेक्टर कचेरीत रेकॉर्ड रूम सांभाळली. माझ्या हातून एक कागद कधी गहाळ झाला नाही, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आमच्या गल्लीतले लोक मला पाहिलं की रस्ता बदलतात. बदलू देत. पण आयुष्यातली सगळ्यात महागात पडलेली चूक मी एका फॉर्मवर केली, आणि तीही दुसऱ्याने बरोबर लिहिलेली ओळ खोडून.

फॉर्म लक्षद्वीपचा होता. देश आपलाच, पण तिथे जायला परवाना लागतो, आणि परवान्याला पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र. हे सगळं माझ्या मुलाने, अनुरागने, आपल्या बहिणीला फोनवर समजावून सांगितलं होतं. तिथल्या एका लहानशा बेटावर श्रीमंतांसाठी रिसॉर्ट आहे, त्यात तो शेफ आहे. शेफ म्हणजे स्वयंपाकी. हा शब्द सात वर्षांपूर्वी मी ज्या सुरात उच्चारला होता, तो सूर माझ्या कानातून अजून जात नाही.

परीक्षा देऊन तो माझ्याच कचेरीत लागला होता. दोन वर्षांत राजीनामा टाकून घरी आला आणि म्हणाला, "बाबा, मले जेवण बनवायचं हाय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोकांची उष्टी काढायला तुला शिकवलं का, वगैरे जे जे बाप बोलतात ते सगळं मी बोललो. आणि एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. मी त्याची बॅग उंबऱ्याबाहेर ठेवली आणि म्हणालो, "पुन्हा या उंबऱ्याच्या आत पाय ठेवशील तर तुझ्या आईची शपथ!"

त्याची आई माझ्या मागेच उभी होती. हातात कणकेची परात होती.

गेल्या पोळ्याला मीनाक्षीच्या पोटात गाठ निघाली. नागपूरला नेलं, कीमो सुरू झाली. जानेवारीत डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढचा डोस फेब्रुवारीच्या दोन तारखेला. तोवर त्या जरा बऱ्या राहतील. कुठे न्यायचं असेल तर आत्ताच न्या. त्यानंतरचं मी काही सांगत नाही."

परतताना टॅक्सीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. तुमसर मागे पडल्यावर एकदम म्हणाली, "मले अनुरागकडे न्या. तुमी पन चला. त्याच्या हातचं बसून जेवू."

"त्यालाच बोलवा ना इकडे," पुढच्या सीटवरून वल्लरी म्हणाली. वल्लरी माझी मुलगी. माझ्यावर गेलीय, सरळ बोलते.

शपथ ज्याच्या नावाने घेतली त्याच्यावर फिरते, असं माझी आई सांगायची. मी शिकलेला माणूस आहे, असल्या गोष्टी मानत नाही. पण निरोगी बायकोबद्दल न मानणं वेगळं आणि डोक्यावरचे केस गेलेल्या बायकोबद्दल न मानणं वेगळं. तो आत आला आणि दुसऱ्या दिवशी हिला काही झालं तर मी कोणाकडे दाद मागणार होतो? त्यापेक्षा बेट बरं. बेटाला माझा उंबरा नव्हता.

मग मी कामाला लागलो. फाईल केली, तिला लाल फीत बांधली, वर लिहिलं, 'लक्षद्वीप प्रवास'. नागपूर ते कोची विमान, कोचीहून बेटावर जाणारं छोटं विमान, तिथून होडी. बावीस तारखेचं जाणं, एकोणतीसला परत. अनुरागने वल्लरीच्या फोनवर फोटो पाठवले. पांढरी वाळू, नारळाच्या झावळ्यांचं छप्पर असलेली खोली, आत पांढरीशुभ्र गादी, आणि खोलीच्या पायरीपर्यंत आलेलं हिरवट निळं पाणी. समुद्राकडे तोंड करून दोन खुर्च्या.

"दोनच खुर्च्या काहून?" मीनाक्षीने विचारलं.

"बाकी कोनी थोडंच चाललं तुझ्यासंग," वल्लरी म्हणाली. "तू आन् बाबा."

मीनाक्षीने फोन माझ्यापुढे धरला. "हे पाहा. इथं तुमी बसाल."

ती सगळं असंच दाखवत होती, तुमच्यासाठी हे, तुमच्यासाठी ते. मला वाटलं, आजारी माणूस आहे, दुसऱ्याच्या डोळ्याने मजा बघते. तिने माझ्यासाठी सुती टोपी मागवली. पाच किलो चिन्नौर तांदूळ निवडून पिशवीत शिवला. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ती खैरलांजीजवळच्या आमच्या गावाहून, माझा चुलतभाऊ महागू याच्याकडून, हा जुना तांदूळ स्वतः जाऊन आणायची. दोन दिवस राहायची. मी कधी गेलो नाही. त्या बसने माझी कंबर जाते.

आता फॉर्मचं. वल्लरीने तो कॉम्प्युटरवर भरला होता. सध्याचा पत्ता, बालाघाट. कायमचा पत्ता, वरीलप्रमाणे. हे 'वरीलप्रमाणे' पाहून माझं डोकं फिरलं. आमचे आजोबा नोकरीसाठी बालाघाटला आले. तेव्हापासून माझ्या वडिलांनी, मी, आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी नोकरदार घराने, शाळेच्या दाखल्यापासून पेन्शनच्या कागदापर्यंत, कायमचा पत्ता म्हणून गावच लिहिलं. भले गावात घर राहिलेलं नसो. आमचंही नव्हतं. मातीचं होतं ते कधीच बसलं, मोकळी जागा तेवढी राहिली.

"बाबा, तिथे आपलं काय आहे?" वल्लरी म्हणाली. "व्हेरिफिकेशनवाला तिथे जाईल ना!"

"जाऊ दे. सारं गाव ओळखते मले," मी म्हणालो आणि समोर बसून तिच्याकडून ती ओळ बदलून घेतली. मुक्काम पोस्ट आमचं गाव, तहसील खैरलांजी, जिल्हा बालाघाट.

चौदा तारखेपर्यंत प्रमाणपत्र आलं नाही. मी रोज चौकशी करत होतो. पंधराला सकाळी कळलं की कागद खैरलांजीहून परत आलाय. मी पहिली बस पकडली. खैरलांजीच्या ठाण्यातला मुन्शी, म्हणजे नोंदी ठेवणारा हवालदार, सभ्य माणूस होता, घनश्याम नावाचा. त्याने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

"बाबूजी, हमारा आदमी गया था. आप दोनों वहाँ रहते ही नहीं. तो वही लिखा."

"मेरा स्थायी पता है वो!"

"रहना पड़ता है न बाबूजी, जहाँ का पता लिखो." मग मला घाम फुटलेला पाहून तो मऊ झाला. "नया आवेदन डालिए, बालाघाट के पते से. पंद्रह-बीस दिन में हो जाएगा."

मी त्याला सांगितलं की बावीसचं विमान आहे. सांगितलं की दोन तारखेला डोस आहे. एकोणचाळीस वर्षं ज्या टेबलाच्या आतल्या बाजूला बसलो, त्याच्या बाहेरच्या बाजूला उभा राहून मी हात जोडले. तो उठून उभा राहिला, मला पाणी दिलं, आणि म्हणाला की जे डोळ्याने दिसलं नाही ते त्याला लिहिता येत नाही. त्याचं बरोबर होतं. मीही हेच म्हणालो असतो.

तरी माझी आशा सुटेना. वाटलं, कोटवार म्हणजे गावचा कोतवाल, त्याच्या आणि सरपंचाच्या सहीचा पंचनामा आणला तर? एकाच्या मोटारसायकलवर मागे बसून गावात गेलो. महागू धानाच्या तणसाजवळ उभा होता. मला पाहून त्याचा चेहरा पडला.

"दादा, तुमी? कोनी गेलं का?"

मी गावात फक्त मयतीला जातो, हे मला तेव्हा कळलं; शेवटचा गेलो त्यालाही आठेक वर्षं झाली होती. सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "शिपाई आल्ता ना. मीच सांगतलं त्याले, का नीळकंठदादा इथं नाही राहत. अनुराग येते म्हनलं, पन त्याचं नाव शिपायाच्या कागदात नोहोतं."

"कोण येते?"

आपण बोललो ते चुकलं, असं महागूला वाटलं असावं. पण लपवणं त्याला जमत नाही. तो मला आमच्या मोकळ्या जागेवर घेऊन गेला. ती मोकळी नव्हती. तिथे विटांची एक खोली होती, वर टिनाचं छप्पर, बाहेर चुन्याचा हात मारलेला. महागूने त्याच्या घरून किल्ली आणली.

आत गॅसची शेगडी, लटकवलेल्या कढया, मसाल्याच्या बरण्या. बरण्यांवर चिठ्ठ्या होत्या आणि अक्षर अनुरागचं होतं. भिंतीला टेकवून तीन थाळ्या उभ्या ठेवलेल्या.

"पावसाळ्यात त्याचं हाटेल बंद राह्यते ना," महागू म्हणाला. "तवा येते. वहिनी बालाघाटहून येते. दोघं दोन दिस इथं राह्यतेत. तो रांधते, वहिनी खाते. मी म्हनलं, बाबू, इथंच काहून खोली बांधतं? तं म्हने, आमच्या साऱ्या कागदावर हेच घर हाय."

सहा पावसाळे ती तांदूळ आणायला गेली होती. सहा वर्षं मी तो तांदूळ खाऊन म्हणत होतो, यंदा जरा जास्तच जुना आहे.

"दोन मानसं, आन् थाल्या तीन?" काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं.

"मीबी इचारलं होतं. वहिनी म्हने, राहू दे, एखांद्या साली लागन."

परतीच्या बसमध्ये माझी कंबर दुखली की नाही, मला आठवत नाही. मला राग आला होता, खूप, आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं. वारासिवनीपर्यंत मी मीनाक्षीवर रागावलो होतो. पुढे तेही जमेना.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. मीनाक्षी पलंगावर बसून माझे शर्ट घडी करत होती. बॅग उघडी होती. वर ती टोपी.

"परवाना नाही मिळत," मी म्हणालो. "चूक माझी. आणि मी गावची खोली पाहून आलो."

तिने हातातला शर्ट मांडीवर ठेवला. म्हणाली, "थाल्या पाह्यल्या?"

"पाहिल्या."

"नागपूरलेबी आल्ता तो," ती म्हणाली. "दवाखान्यात. तुमी खाली चाय प्यायले गेले का तो वर येये."

"वल्लरीला माहीत होतं?"

"हौ."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी खुर्चीत बसलो. मग मला एकाएकी सुचलं ते मी विचारलं. "तू त्याला भेटत होतीस, तर मग हे बेट कशाला? कोणासाठी?"

तिने शर्ट बॅगेत ठेवला. "तुमच्यासाठी. माझं झालं हो. मी गेल्यावर तुमी कोनाच्या हातचं जेवाल? त्याची आन् तुमची गाठ मी असतानाच पडावी, इतकंच होतं. इथं तुमी येऊ देत नाही, तिथं तं गेले असते."

मला रडू आलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, मोठ्याने रडलो. तिने मला रडू दिलं. मग तिने स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"आई?" तिकडून आवाज आला. मागे लाटांचा आवाज येत होता.

"मी आहे," मी म्हणालो.

मी सांगायला लागलो. परवाना, पत्ता, ठाणं, सगळं, कचेरीत अहवाल द्यावा तसं. आणि शेवटी म्हणालो, "आम्हाला येता येत नाही. तू ये. घरी ये."

"नाही येत, बाबा."

"राग आहे. असणारच."

"राग नाही हो," तो म्हणाला. "आईची शपथ हाय. दवाखान्यात चालते, गावाले चालते. पन तो उंबरा नाही. आता तं नाहीच नाही. तिले काही झालं तं मी काय करू?"

सात वर्षं मी समजत होतो की पोरगा अकडून बसलाय. तो माझ्यासारखाच भ्यालेला होता.

मीनाक्षी उठली. भिंत धरत धरत दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याजवळ उभी राहिली, जिथे मी बॅग ठेवली होती तिथे.

"इथं या," ती मला म्हणाली. "जिथं घेतली तिथंच सोडवा. सुटली म्हना. तीनदा."

लहानपणी आम्ही पोरं चिंचेसाठी शपथा घ्यायचो आणि संध्याकाळी सुटली म्हणून मोकळे व्हायचो. ज्याने घातली त्यानेच सोडवायची असते. सात वर्षांत हे मला सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी मी ते म्हणालो नसतो. आताही माझी जीभ वळेना. म्हटलं आणि ही इथेच कोसळली तर? तिने माझ्या दंडाला धरलं होतं. हात किती हलका झाला होता तिचा.

"सुटली," मी म्हणालो.

"दोन राह्यल्या."

"सुटली."

तिसऱ्या वेळी नुसती हवा निघाली. ती वाट बघत होती. फोनमध्ये लाटा वाजत होत्या.

"ऐकू नाही आलं, बाबा," अनुराग म्हणाला.

मग मी ओरडलो. इतक्या जोराने ओरडलो की समोरच्या घरातली माणसं दिवा लावून बाहेर आली. म्हाताऱ्याला काय झालं म्हणून पाहू लागली. मी फोन कानाला लावून, बायकोला धरून, माझ्याच उंबऱ्यावर उभा होतो. सुटली, सुटली म्हणत होतो आणि मला थांबता येत नव्हतं.